जुन्या प्रोसेसरला नव्या कार्डाची जोड

संगणकावर खेळ खेळणाऱ्या मुलांच्या तोंडी एक शब्द सारखा असतो, 'बॉटलनेक'. म्हणजे बाटलीचा गळा. बाटली कितीही मोठी असली तरी पाणी बाहेर येणार ते गळ्याच्या रुंदीप्रमाणेच. शब्द इंग्रजी असला तरी अनुभव आपल्या ओळखीचा आहे. चौपदरी रस्ता जुन्या अरुंद पुलापाशी येतो आणि मागे गाड्यांची रांग लागते, तेव्हा आपण सगळे या गळ्यातच अडकलेले असतो.

आज याच गळ्याविषयी बोलायचे आहे. घरात सात-आठ वर्षांपूर्वीचा, कधी त्याहूनही जुना संगणक आहे. खेळ अडखळत चालतो. मुलगा म्हणतो, नवे ताकदीचे ग्राफिक्स कार्ड घेऊन द्या, सगळे सुरळीत होईल. बऱ्याच घरांत अशा कार्डाची किंमत महिन्या-दोन महिन्यांच्या पगाराएवढी असते. त्यामुळे त्याचे उत्तर खेळणाऱ्याइतकेच पैसे देणाऱ्यालाही ठाऊक असायला हवे. मी कवी माणूस, शिक्षण बी.ए. यंत्राची गोष्ट समजून घ्यायची तर मला ती आधी आपल्या अंगणात आणावी लागते. तशीच ती आपल्यापुढे ठेवतो.

पडद्यावरचा खेळ आपल्याला हलताना दिसतो, पण प्रत्यक्षात ती एकामागून एक येणारी स्थिर चित्रे असतात. अशा एका चित्राला 'फ्रेम' म्हणतात. सेकंदाला साठ फ्रेम आल्या की बहुतेकांच्या डोळ्यांना खेळ गुळगुळीत वाटतो. साठ फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हायला हवे. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. ज्यांच्याकडे १४४ हर्ट्झचा मॉनिटर आहे, त्यांना तर जेमतेम सात मिलिसेकंदांत नवे चित्र लागते.

हे चित्र दोघे मिळून काढतात. आता दिवाळीचे अंगण डोळ्यांपुढे आणा. मोठी रांगोळी काढायची आहे. एक जाणती बाई ठिपके मांडते, रेषा जोडते आणि सांगते, इथे मोर, तिथे कमळ, या पाकळीत गुलाबी. भोवती बसलेल्या पंचवीस-तीस मुली तिने आखलेल्या जागेत रंग भरत जातात. संगणकात ठिपके मांडणारी ती बाई म्हणजे प्रोसेसर आणि रंग भरणाऱ्या मुली म्हणजे ग्राफिक्स कार्ड. खेळाडू कुठे उभा आहे, शत्रू कोणत्या दिशेने येतो आहे, गोळी लागली की नाही, ढकललेले पिंप कुठवर घरंगळेल, हे सारे प्रोसेसर ठरवतो आणि या क्षणाच्या चित्रात काय काय काढायचे याची यादी कार्डाकडे पाठवतो. कार्ड त्या यादीप्रमाणे लाखो ठिपक्यांत रंग, उजेड आणि सावल्या भरते.

पहिल्या चित्रात रंग भरले जात असताना बाई पुढच्या चित्राचे ठिपके मांडायला घेते. दोन्ही कामे अशी एकामागे एक साखळीने चालतात, आणि साखळीचा वेग तिच्यातल्या सावकाश माणसाएवढाच असतो. समजा, जुना प्रोसेसर एका चित्राची तयारी २० मिलिसेकंदांत करतो आणि जुने कार्ड ते रंगवायला २५ मिलिसेकंद घेते. सेकंदाला ४० चित्रे मिळतील. आता केवळ ८ मिलिसेकंदांत रंगवणारे नवे कार्ड आणले. त्या कार्डाच्या हिशेबाने १२५ चित्रे मिळायला हवीत. मिळतील फक्त ५०, कारण प्रोसेसर २० मिलिसेकंदांच्या आत पुढची यादी देऊच शकत नाही. रंग भरणाऱ्या मुली हातात रंग घेऊन बसून राहतात. किंमत १२५ चित्रांची दिली आणि घरी आली ५०.

मग कोणी म्हणेल, ठिपके मांडायलाही चार बाया बसवा. बसवतात. आजच्या प्रोसेसरमध्ये सहा, आठ किंवा त्याहून अधिक कोअर असतात. पण एकीने ठिपका मांडल्याशिवाय दुसरीला रेषा जोडता येत नाही. काही कामे क्रमानेच करावी लागतात. जीन अ‍ॅमडाल या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९६७ सालीच हे मांडून ठेवले आहे की, कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तोच शेवटी एकूण वेगाची मर्यादा ठरवतो. रंग भरण्याचे काम मात्र हवे तितक्या हातांत वाटता येते. म्हणूनच ग्राफिक्स कार्डाची वाढ झपाट्याने झाली. 'जीपीयू' हे नाव एनव्हिडियाने १९९९ साली जीफोर्स २५६ या कार्डाबरोबर रूढ केले. २०२२ साली आलेल्या आरटीएक्स ४०९० या कार्डात १६,३८४ छोटे कोअर आहेत.

प्रोसेसरची कथा वेगळी झाली. चिप तापू लागली, तसा घड्याळाचा वेग वाढवत नेण्याचा मार्ग अडला. इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत २००४ साली सोडून दिला. पुढे २०११ च्या आय-७ २६०० के पासून २०१७ च्या आरंभी आलेल्या आय-७ ७७०० के पर्यंत, घरगुती संगणकांसाठीच्या इंटेलच्या वरच्या प्रोसेसरांत चारच कोअर राहिले. त्यामुळे जुना प्रोसेसर वर्षानुवर्षे पुरतो, अशी एक समजूत पक्की झाली, आणि ती बराच काळ खरीही होती.

त्यामागे आणखी एक कारण होते. मोठे खेळ टीव्हीला जोडायच्या यंत्रांसाठीही बनतात. २०१३ साली आलेल्या प्लेस्टेशन ४ मधला प्रोसेसर आठ कोअरचा असला तरी १.६ गिगाहर्ट्झचा, मंद होता. त्यावर चालेल असा खेळ लिहायचा म्हटल्यावर घरच्या जुन्या संगणकावर ताण कमीच पडे. नोव्हेंबर २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आला. त्यात ३.५ गिगाहर्ट्झपर्यंत धावणारा, कितीतरी सुधारलेला आठ कोअरचा प्रोसेसर आहे. हळूहळू खेळ केवळ या नव्या यंत्रांसाठी लिहिले जाऊ लागले आणि कालपर्यंत पुरणारा चार कोअरचा संगणक धापा टाकू लागला. संगणक होता तसाच आहे, रांगोळी मोठी झाली आहे.

आता एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट. हाच जुना प्रोसेसर आणि हेच नवे कार्ड एखाद्या घरी छान जुळते. त्याचे कारण पडद्याच्या बारकाईत आहे. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. फोर-के पडद्यावर ते बरोबर चौपट, सुमारे ८३ लाख होतात. पडदा बदलला तरी शत्रू तेवढेच, पिंपे तेवढीच. बाईचे काम फारसे वाढत नाही. रंग भरणाऱ्यांचे मात्र भरमसाट वाढते. आपल्या उदाहरणातल्या नव्या कार्डाला फोर-के चित्रासाठी २५ मिलिसेकंद लागले, तर आता २० मिलिसेकंदांचा प्रोसेसर त्याची वाट पाहत बसेल. गळा प्रोसेसरकडून कार्डाकडे सरकला. म्हणून जो मोठ्या पडद्यावर, सर्व सजावट लावून, सेकंदाला चाळीस-पन्नास चित्रांवर समाधानी आहे, त्याला जुन्या प्रोसेसरवरही चांगले कार्ड लाभते. जो साध्या पडद्यावर १४४ चित्रांच्या मागे आहे, त्याची मात्र फसगत होते.

खेळाचा स्वभावही पाहायला हवा. काउंटर-स्ट्राइक किंवा व्हॅलोरंटसारख्या चकमकीच्या खेळांत चित्र साधे असते आणि गती फार. तिथे बोजा प्रोसेसरवर येतो. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये विमान शांतपणे चाललेले दिसते, पण आत प्रोसेसरची दमछाक चालू असते. २०२३ च्या बाल्डर्स गेट ३ या खेळात रानावनात सारे सुरळीत चालते, आणि तिसऱ्या अंकात माणसांनी गजबजलेले शहर आले की जुना प्रोसेसर अडखळतो. खेळ तोच, संगणक तोच, फक्त गर्दी वाढली.

अडखळण्याविषयी थोडे थांबून बोलतो, कारण सरासरीचा आकडा इथे दिशाभूल करतो. समजा एका सेकंदात ५९ चित्रे १५-१५ मिलिसेकंदांत आली आणि एका चित्राला १०० मिलिसेकंद लागले. बेरीज ९८५ मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला साठ चित्रे पूर्ण झाली, आकडा उत्तम. पण त्या एका चित्रापाशी खेळ दचकून थांबला, आणि नेमका तेव्हाच शत्रू कोपऱ्यावरून आला. गायकाचा सूर कितीही सुरेल असो, तबलजीची एक मात्रा चुकली की साऱ्या मैफलीला कळते. जुन्या प्रोसेसरवर नवे कार्ड लावले की हा दोष पुष्कळदा उघडा पडतो. सरासरी वाढते आणि ठेचा तशाच राहतात. म्हणून जाणकार परीक्षक सरासरीसोबत 'वन पर्सेंट लो', म्हणजे सर्वांत मंद एक टक्का चित्रांचा वेगही देतात. कार्ड निवडताना तो आकडा अवश्य पाहावा.

यात आणखी एक पात्र आहे, ड्रायव्हर. प्रोसेसर आणि कार्ड यांच्यामधला हा दुभाष्या. यादी एकाच्या भाषेतून दुसऱ्याच्या भाषेत नेणे हे त्याचे काम. पण तो जेवतो प्रोसेसरच्याच ताटात. त्याचा खर्च प्रोसेसरच्या वेळातून जातो. मार्च २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातील हार्डवेअर अनबॉक्स्ड या परीक्षकांनी जुन्या प्रोसेसरांवर चाचण्या केल्या. डायरेक्टएक्स १२ वर चालणाऱ्या काही खेळांत, महागड्या जीफोर्स कार्डापेक्षा खालच्या श्रेणीचे रेडिऑन कार्ड अधिक चित्रे देताना दिसले. प्रोसेसर थकलेला असताना दुभाष्याचे जेवण जड झाले होते.

डिसेंबर २०२४ मध्ये इंटेलने आर्क बी-५८० हे कार्ड २४९ डॉलरला आणले. बारा जीबी मेमरी आणि बेताची किंमत. नव्या, वेगवान प्रोसेसरवर केलेल्या पहिल्या चाचण्यांत त्याने चांगले नाव कमावले. जानेवारी २०२५ मध्ये ते जुन्या प्रोसेसरांवर तपासले गेले. २०१८ सालच्या रायझन ५ २६०० सारख्या प्रोसेसरवर काही खेळांत त्याचा वेग इतका घसरला की प्रतिस्पर्धी कार्डावरची आघाडी नाहीशी झाली. या गोष्टीतली गंमत आणि दुःख एकच आहे. स्वस्त कार्ड ज्यांच्यासाठी होते, त्यांच्याच घरी जुने प्रोसेसर होते. परीक्षेचे टेबल आणि गिऱ्हाइकाचे टेबल वेगळे होते.

कधी अडचण प्रोसेसरच्या वेगात नसून वाटेत असते. कार्ड ज्या खाचेत बसते तिला पीसीआय एक्स्प्रेस म्हणतात आणि तिच्याही पिढ्या असतात. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी या स्वस्त कार्डाला चारच मार्गिका आणि चार जीबी मेमरी दिली होती. चौथ्या पिढीच्या मदरबोर्डवर ते निभावत असे. तिसऱ्या पिढीच्या जुन्या बोर्डवर त्याच चार मार्गिकांची रुंदी निम्मी होते. मेमरी भरली की सामानाची ने-आण त्या अरुंद वाटेने करावी लागे आणि काही खेळांत वेग स्पष्टपणे खाली येई. कार्डाच्या खोक्यावर मार्गिकांची संख्या मोठ्या अक्षरांत कोणी छापत नाही. ती विचारून घ्यावी लागते.

आता हे सारे घरी कसे तपासायचे? आमच्या मोहल्ल्यात मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा एक मुलगा आहे. त्याचा संगणक कुठल्याशा कंपनीच्या कार्यालयातून निघालेला, २०१३ च्या सुमाराच्या चार कोअरच्या आय-५ चा. आत जीटीएक्स १०५० टीआय हे जुने कार्ड. त्याने आठ महिने पैसे साठवले होते आणि मोठे कार्ड घ्यायला तो लॅमिंग्टन रोडला निघाला होता. मला म्हणाला, ''चाचा, कार्ड आले की मित्रांच्या बरोबरीने खेळता येईल.'' मी म्हटले, ''बेटा, जाण्याआधी एक गोष्ट कर. खेळाच्या सेटिंगमध्ये पडद्याची बारकाई एकदम कमी कर आणि बघ, वेग वाढतो का.''

हीच ती सोपी परीक्षा. बारकाई कमी केली की रंग भरणाऱ्यांचे काम घटते. वेग वाढला तर गळा कार्डाचा होता, नवे कार्ड उपयोगी पडेल. वेग जवळजवळ तेवढाच राहिला तर गळा प्रोसेसरचा. त्याने दोन खेळ तपासले. जीटीए ५ मध्ये वेग चांगला वाढला. व्हॅलोरंटमध्ये जागचा हलला नाही. आणि पैसे त्याने साठवले होते ते व्हॅलोरंटसाठी! तो लॅमिंग्टन रोडला गेला नाही. आणखी काही महिने थांबून त्याने प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम बदलली, आणि जुने कार्डच त्यावर लावले. ज्या खेळासाठी खटाटोप होता, तो सुधारला.

दुसरी खूण टास्क मॅनेजरमध्ये दिसते. खेळ चालू असताना कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या पुढे असेल तर कार्ड पूर्ण राबते आहे. तो साठ-सत्तर टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि खेळाच्या सेटिंगमध्ये वेगावर मर्यादा घातलेली नसेल, तर कार्ड वाट पाहते आहे. प्रोसेसरच्या एकूण टक्केवारीवर मात्र विसंबू नये. चार कोअरपैकी एकच कोअर पूर्ण दमलेला असेल तर एकूण आकडा २५ टक्के दिसतो आणि आपल्याला वाटते, प्रोसेसर निवांत आहे. रांगोळीची बाई घामाघूम असते आणि बाकीच्या तिघी गप्पा मारत असतात.

गळा प्रोसेसरचा निघाला तर लगेच खिशात हात घालू नका. खेळाच्या सेटिंगमध्ये गर्दीचे प्रमाण आणि दूरवर दिसणाऱ्या वस्तूंचे अंतर कमी करा, हा बोजा प्रोसेसरचा असतो. रे-ट्रेसिंगमुळे कार्डाबरोबर प्रोसेसरचेही काम वाढते, ते बंद ठेवा. सेकंदाला पन्नासच चित्रे टिकत असतील तर मर्यादा तिथेच घाला. सत्तर ते तीस अशा उड्यांपेक्षा स्थिर पन्नास डोळ्यांना बरे वाटतात. रॅमची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी जोडल्याने पुष्कळदा फरक पडतो.

डीएलएसएस, एफएसआर यांसारख्या युक्त्यांची जाहिरात फार होते. त्या चित्र लहान आकारात काढून मोठे करतात, म्हणजे रंग भरणाऱ्यांचे श्रम वाचवतात. बाई दमलेली असेल तर त्यांचा लाभ नगण्य. 'फ्रेम जनरेशन' ही पुढची युक्ती दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये कल्पनेचे चित्र घालते. ती प्रोसेसरला वळसा घालते खरी आणि आकडाही वाढवते. पण बटण दाबल्यावर खेळाने प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ त्याने कमी होत नाही. संथ कथेच्या खेळात ते चालून जाते, चकमकीत नाही.

खर्च करायचाच झाला तर आधी मदरबोर्डचे नाव पाहा. ज्यांच्याकडे २०१७ नंतरचा एएमडीचा एएम-४ बोर्ड आहे, ते भाग्यवान. त्यांतल्या अनेक बोर्डांवर बायोस अद्ययावत केल्यावर २०२२ साली आलेला रायझन ५ ५६०० किंवा ९६ एमबी कॅशचा ५८०० एक्स-थ्रीडी बसतो. बोर्ड आणि रॅम तीच राहते. इंटेलच्या जुन्या बोर्डांना अशी लांब वाट क्वचितच मिळाली, तिथे प्रोसेसरसोबत बोर्ड आणि बहुधा रॅमही बदलावी लागते. कार्यालयातून निघालेल्या संगणकांत वीजपुरवठ्याचा डबा लहान असतो, तेही विसरू नये. आरटीएक्स ३०८० सारखे कार्ड एकटेच ३२० वॉट घेते आणि त्यासाठी ७५० वॉटचा डबा सुचवला जातो. शिवाय विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर अधिकृतपणे चालतात. त्याहून जुन्या संगणकात मोठे कार्ड घालणे म्हणजे पडक्या भिंतीला महाग रंग देण्यासारखे.

शेवटी एक समजूत दूर करायला हवी. प्रोसेसर आणि कार्डाची नावे घालून 'इतके टक्के बॉटलनेक' असा आकडा सांगणारी काही गणकयंत्रे आहेत. त्यांच्यावर पैसे लावू नका. तो आकडा खेळागणिक, पडद्यागणिक, एकाच खेळातल्या रानागणिक आणि शहरागणिक बदलतो. गळा कुठे ना कुठे असणारच, तो नसता तर सेकंदाला अगणित चित्रे मिळाली असती. तो आपल्या आवडत्या खेळात, आपल्या पडद्यावर, आपल्याला हव्या त्या वेगाच्या आड येतो का, एवढेच पाहायचे. ते पाहायला एक संध्याकाळ पुरते, आणि पैसा लागत नाही. घरातल्या मुलाने कार्ड मागितले तर नाही म्हणण्याआधी, आणि हो म्हणण्याआधीही, ती एक संध्याकाळ त्याच्या शेजारी बसा. बारकाई कमी करायला सांगा आणि दोघे मिळून आकडा बघा.